हुंकार कुणाला

बुधवारी संध्याकाळी फ्रिजवरचा स्पीकर बोलायला लागला आणि माझ्याच घरातली एक गोष्ट मला कळली. तो स्पीकर रविराजला कंपनीनं दिवाळीला दिलेला. पूर्वी मिठाईचा डबा द्यायचे, आता हे देतात. मी खाली बसून मेथी निवडत होते. रविराज माझ्या शेजारी पाय पसरून बसला होता, उजवा खांदा कपाटाला टेकवून. मी विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?" तो म्हणाला, "हं." किती वाजता याचं उत्तर हं असू शकत नाही, पण लग्नाला इतकी वर्षं झाली की बाई असली उत्तरंही पदरात पाडून घेते. मी खुशीत होते. गाणी लावावीत म्हणून उठले आणि स्पीकरचं बटण दाबलं. माझा मोबाइल हातात घेईपर्यंत तो स्पीकर रविराजच्या खिशातल्या मोबाइलला जोडला गेला, आणि घोगऱ्या आवाजाचा एक माणूस आमच्या स्वयंपाकघरात म्हणाला, "इन्स्पेक्टरनं हळूच दार ढकललं. आत कोणीच नव्हतं." रविराज समोरच्या ओट्याकडे बघत होता. आवाज कानातून येतोय की बाहेरून, हे त्याला लगेच उमगलं नाही. तो म्हणाला, "हं."

अगदी तोच हं. तेवढाच लांब, तेवढाच मऊ, शेवटी किंचित खाली उतरणारा. मग तो दचकला, खिसे चाचपले, मोबाइल बाहेर काढून आवाज बंद केला, आणि उजव्या कानातून फुटाण्याएवढी पांढरी वस्तू काढून मुठीत धरली. चोरी पकडल्यासारखा हसला. "तू काय म्हणत होतीस?" त्यानं विचारलं. मी परत खाली बसले, मेथीची जुडी मांडीवर घेतली आणि म्हटलं, "काही नाही. मेथीला माती फार आहे, म्हणत होते."

त्याच्या हुंकाराची गंमत मला लग्नापासून माहीत होती. माझे सासरे, दत्तोबा, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, गोष्टी सांगण्यात पटाईत. त्यांची एकच अट असायची, ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा. वाक्य संपलं की हं. हं आला नाही की ते थांबायचे, "झोपलं वाटतं गिऱ्हाईक" म्हणायचे आणि बिडी पेटवून गोष्ट तिथंच गुंडाळून ठेवायचे. राजा रानात उभा तो उभाच. रविराज या धाकात वाढलेला. त्यामुळे मोबाइलवर पुस्तकं ऐकायला लागला तेव्हा तो त्या वाचणाऱ्यालाही हुंकार द्यायला लागला. कंपनीच्या बसमध्ये शेजारचा माणूस चमकून बघतो, हे त्यानंच मला हसत सांगितलं होतं. मी चिडवायचे, "अहो, तो बाप्या पुस्तक वाचून, पैसे घेऊन घरी गेला. तुमच्या हुंकारावाचून त्याचं काही अडत नाही." तो म्हणायचा, "सवय गं. नाही दिला तर तो थांबेल असं वाटतं." तोंडावर मी त्याला अहो म्हणते, मनात अरे म्हणते, बऱ्याच बायकांचं असंच असावं. मला मनातून त्याचं कौतुकच वाटायचं. रहस्यकथा, शिकारकथा, जुन्या काळातल्या लढाया, काही म्हणून सोडायचा नाही. शिफ्ट करून आलेला माणूस दारू पीत नाही, जुगार खेळत नाही, पुस्तकं ऐकतो, तर तक्रार कसली करायची?

मी बोलायला लागले की तो कानातलं काढायचा. म्हणजे मला तसं दिसायचं. मी नेहमी त्याच्या डाव्या हाताला बसते, जेवतानाही आणि टीव्ही बघतानाही. तो डावा कान मोकळा करायचा, मला तो मोकळा कान दिसायचा, आणि मी आपली सुरू व्हायचे. उजवा कान त्या बाप्याकडे होता. मेथी निवडता निवडता मी मागचे हं आठवायला लागले. आईच्या मोतीबिंदूचं सांगितलं तेव्हा आलेला हं. सोसायटीत टँकरचं पाणी गढूळ येतंय, तेव्हाचा. युनिटमध्ये सुपरवायझरनं सगळ्यांसमोर मी बांधलेला जॉब चुकलाय म्हणून परत पाठवला आणि मला रडू आलं, ते सांगताना तर ओळीनं कितीतरी आले होते, अगदी जिथं हवे तिथं. मला तेव्हा वाटलं होतं, बोलत नाही फारसा, पण ऐकतो बिचारा. यातले माझे किती आणि इन्स्पेक्टरचे किती, हे आता कोण सांगणार? आणि त्या सगळ्यांत एक हं असा होता की तो माझा नसेल तर मला काहीच उरत नव्हतं.

माझं युनिट निघोज्याला. गाडीच्या वायरींचे जुडगे आम्ही बायका तिथं बांधतो. समोर उभा बोर्ड, त्यावर खुंट्या, खुंट्यांमधून वायरी ओढायच्या आणि टेप गुंडाळत जायची. मोबाइल बाहेर लॉकरमध्ये ठेवावा लागतो, म्हणून आमच्याकडे कोणी पुस्तकं ऐकत नाही. हात कामात आणि तोंड मोकळं. माझ्या शेजारच्या बोर्डावर खैरुन्निसा असते. वयानं मोठी, बोलायला फटकळ, डब्यातलं अर्धं मला घातल्याशिवाय जेवत नाही. तिचा दुसरा मुलगा दोन वर्षांचा असताना तापानं गेला. एकदा टेप गुंडाळता गुंडाळता, भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "आमी बायका आत न्हाई जात कब्रस्तानात. पर मला ठाऊक हाय ना, कडुलिंबाच्या पलीकडं हाय त्यो. रिक्षा तिकडनं गेली की बघून घेते. तेवढंच गं." मग तिनं विचारलं, "तुझी कुठं हाय?" मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिचा हात थांबला. खैरुन्निसाचा हात थांबलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. "आईला न्हाई माहीत?" ती म्हणाली. तिनं ते वाईट हेतूनं विचारलं नव्हतं, पण दिवसभर माझ्या टेपला सुरकुत्या पडत राहिल्या.

माझी मुलगी पोटातच गेली. दिवस भरत आले होते. मला भूल दिली. शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं आणि शेजारचा पाळणाही कोणीतरी उचलून नेला होता. आईला दाखवू नका, मग डोळ्यांपुढून हलत नाही, असं मोठ्या माणसांनी ठरवलं आणि तसं झालं. डोळ्यांपुढं काही नसलं तर काय हलत नाही, हे त्यांना कुठं माहीत होतं! एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत, पुरतात. पुरुष जातात, गुपचूप परत येतात, पाय धुतात, आणि आईनं विचारायचं नसतं. विचारलं तर पुढच्या मुलाला लागतं म्हणतात. पुढचं मूल काही आलं नाही, पण मी विचारलंही नाही. चार वर्षं मी या न विचारण्याचा सोवळ्यासारखा सांभाळ केला. मधल्या काळात अप्पा गेले. त्यांच्या दिवसांना नणंद आली होती, तिच्या तोंडून निसटलं, "अप्पांनी नदीच्या अंगाला नेलं होतं तिला, निघोज्याकडं." माझ्या हाती तेवढंच लागलं. मला मोशीत, घराजवळ काम मिळत होतं. ते सोडून मी निघोज्याचं युनिट का धरलं, हे मला कोणी विचारलं नाही. रविराजनंही नाही.

युनिटची व्हॅन इंद्रायणीचा पूल ओलांडते तेव्हा मी खिडकीशी असते. बायकांनी ती जागा माझी म्हणून सोडून दिली आहे. त्यांना वाटतं मला गाडी लागते. बाभळी दिसल्या की मला वाटतं, इथं असेल. पांढऱ्या मातीचा उंचवटा दिसला की वाटतं, इथं. एखादं मोकळं रान मला इतकं पटायचं की आठवडाभर मी त्यालाच धरून असायचे, येताजाता मनातल्या मनात तिला हाक मारायचे. नाव ठेवलं नव्हतं, त्यामुळे हाक नुसतीच "ए" अशी. आणि मग त्या रानाला तारेचं कुंपण यायचं, मुरूम पडायचा, पत्र्याची शेड उभी राहायची. एका जागी वजनकाटा झाला. ट्रक त्यावर चढायचा, थांबायचा, उतरायचा. तो पाहिल्यावर मला जेवण जाईना. रविराज म्हणाला, ॲसिडिटी असेल. तेव्हा तरी तो मला उत्तर देत होता असं धरून चालू.

खैरुन्निसाच्या त्या प्रश्नानंतर, मागच्या आठवड्यात, मी त्याला विचारलं. जेवणं झाली होती, ताटं तशीच होती. डावा कान मोकळा बघून घेतला आणि खाली, फरशीकडे बघत, एका दमात म्हणाले, "अहो, मला तिथं न्या. जिथं तिला ठेवलं तिथं. मी रडणार नाही, काही करणार नाही, नुसतं बघून येऊ. हा गुरुवार राहू द्या, पुढच्या गुरुवारी न्या." इकडे कारखान्यांना सुट्टी गुरुवारची. रविवारी सुट्टी असणारे लोक आम्हाला पाहुण्यांसारखे वाटतात. मी ताटाच्या कडेला चिकटलेलं एक शीत बोटानं सुटं करत राहिले. मग तो म्हणाला, "हं." मी वर बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते, आणि रडणार नाही असं नुकतंच कबूल केलं होतं.

त्या एका हं वर मी आठवडा काढला. मी आनंदात होते, असं म्हटलं तर ऐकणाऱ्याला विचित्र वाटेल, पण होतेच. टेप गुंडाळताना गुणगुणत होते. खैरुन्निसाला सांगितलं तर ती म्हणाली, "जा बाई, जा. बघून ये. मग जरा झोप लागेल तुला." अशा ठिकाणी काय नेसून जातात, हे विचारायला कोणी नव्हतं. मी हिरवी सुती साडी काढली, मग वाटलं हिरवी नको, मग वाटलं का नको? फुलं न्यावीत तर तो काही देव नव्हे. दूध न्यावं तर हसतील. दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि जिन्यातच थांबून स्वतःला म्हटलं, अगं, तिला दात तरी होते का? घरी येऊन तो पुडा मी एकटीनं चहात बुडवून संपवला. आणि आता फ्रिजवरच्या त्या डब्यानं मला सांगितलं होतं की कोणी कुठंही न्यायचं कबूल केलेलं नाही. मी आठवडाभर एकटीच गुरुवारची तयारी करत होते. मला राग आला तो त्याच्या पुस्तकांचा नव्हता, या आठवड्याचा होता. हा आनंद दोघांचा आहे असं समजून मी तो जपून, थोडा थोडा वापरला होता.

तो अंघोळीला गेला. मोबाइल कपाटावर होता, पांढरे दोन दाणे त्यांच्या डबीत होते. मी डबी उघडली आणि दोन्ही कानांत घातले. बघू तरी काय आहे एवढं, असा त्वेष होता. बोट लावल्याबरोबर तो बाप्या अगदी माझ्या डोक्याच्या आत बोलायला लागला. बाथरूममधलं पाणी गेलं, बाहेरचा रस्ता गेला, कुकर गेला. इन्स्पेक्टर कुठल्याशा बंद बंगल्यातून एकेक खोली बघत चालला होता. धुळीवर पावलं उमटली होती, ती एका कपाटापाशी जाऊन थांबत होती. आवाज घाई करत नव्हता. त्याला माझ्याकडून काही नको होतं. मी कोण, कुठली, माझ्या पोटी काय झालं, याची त्याला पंचाईत नव्हती. मी ओट्याला धरून उभी राहिले. किती तरी दिवसांत पहिल्यांदा माझ्या डोक्यात माझं काहीच नव्हतं. मला तो आवाज आवडला आणि त्याचा मला भयंकर राग आला. कपाटाचं दार उघडलं, आत एक जुना कोट लटकत होता, आणि मी माझाच आवाज ऐकला, "हं." मी दाणे काढून डबीत टाकले. बाथरूममध्ये बादली वाजली. मला पहिल्यांदाच वाटलं की हा माणूस गोष्टी ऐकत नसावा, गोष्टींच्या आड जाऊन बसत असावा. पण कशाच्या आड, ते मला कळेना.

गुरुवारी सकाळी मी हिरवी साडी नेसले नाही. घरातल्याच गाऊनवर चहा केला आणि दोन कप घेऊन त्याच्यासमोर बसले. शेजारी नाही, समोर. "दुसरा कान पण काढा," मी म्हटलं. त्यानं काढला. "मागच्या आठवड्यात मी तुम्हाला एक सांगितलं होतं. तुम्ही हं म्हणालात. तो हं कुणाला होता, ते मला काल कळलं, तर आता परत सांगते."

"नको," तो म्हणाला.

"नको कसं? मला—"

"ऐकलं होतं मी." तो कपाकडे बघत होता. "सगळं ऐकलं होतं, निशा. तो हं तुलाच होता."

मला क्षणभर कळेना की हे बरं झालं की वाईट. "मग चला की," मी म्हटलं. "नेसते मी. नदीकडेच ना? निघोज्याच्या अलीकडे का पलीकडे, तेवढं सांगा. मी रोज जाते तिथून. रोज बघते. तो वजनकाटा झालाय ना, तिथं नाही ना? तेवढं सांगा आधी."

त्यानं तोंडावरून हात फिरवला. गेल्या चार वर्षांत तो किती म्हातारा दिसायला लागला होता, हे मी त्याच्या समोर बसल्यामुळे बघत होते. "मला माहीत नाही," तो म्हणाला.

"माहीत नाही म्हणजे?"

"मी गेलोच नव्हतो. अप्पा म्हणाले, तू हिच्यापाशी थांब, मी बघतो. मला जायला पायजे होतं. मी म्हणलो नाही की मी पण येतो. अप्पांनी पंच्यात गुंडाळलं आणि रिक्षात बसले. संध्याकाळी आले आणि म्हणले, झालं. मी विचारलं नाही. म्हणलं, पुढं कधी विचारू." त्याचा आवाज घोगरा झाला होता. "पुढं अप्पाच गेले."

खालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. मला वाटत होतं की मी आता किंचाळेन, पण मला फक्त खिडकीतून दिसणारी ती रानं दिसत होती, एकामागून एक, बाभळी, उंचवटे, शेड, काटा, आणि आता त्यातलं कुठलंही नाही असं म्हणता येत नव्हतं. मी न विचारता काढलेली सगळी वर्षं या एका आधारावर काढली होती की मला माहीत नसलं तरी त्याला माहीत आहे. घरातल्या एका माणसाला माहीत आहे. तो आधार गेला. जगात कोणालाच माहीत नव्हतं.

"तुम्ही काय करत होतात मग?" मी विचारलं. "ते तिला घेऊन गेल्यावर."

"दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसलो होतो. फोन सारखे यायला लागले, काय झालं, काय झालं. मी नुसताच मोबाइलवर बोटं फिरवत होतो. कशाला तरी बोट लागलं आणि एक माणूस गोष्ट सांगायला लागला." त्यानं काढलेला दाणा बोटांत फिरवला. "बरं वाटलं गं. तो काही विचारत नव्हता. तो बंद झाला की अप्पांची रिक्षा दिसायची. म्हणून मग चालूच ठेवलं."

मला त्याची कीव आली आणि त्याला मारावंसंही वाटलं. दोन्ही खरं होतं. "मागच्या आठवड्यात हं का म्हणालात? नाही म्हणायचं होतं."

"म्हणायला पायजे होतं. तुला बघून धीर झाला नाही. म्हणलं, नेईन कुठंतरी. नदीकाठी एखादी जागा दाखवीन, सांगीन हीच म्हणून. काल मेथी निवडताना तू काही विचारत होतीस ना? मी ऐकलं नाही ते. मुद्दाम आवाज वाढवून बसलो होतो."

त्यानं तसं केलं असतं तर मी फसले असते. हातात फुलं घेऊन, मान खाली घालून, कुठल्यातरी बाभळीपुढे उभी राहिले असते आणि घरी येऊन झोपले असते. खैरुन्निसाला सांगितलं असतं, आहे गं, अमक्या झाडापाशी आहे. त्या सकाळी मला क्षणभर असंही वाटलं की बाबा रे, तसंच करायचं होतंस. पण तो माझ्यापुढे बसला होता, दोन्ही कान मोकळे, आणि मला आता खोटं झाड नको होतं.

"तुम्ही पाहिलं होतं तिला?" मी विचारलं. चार वर्षांत हे सुचलं नव्हतं. मी जागाच शोधत राहिले होते.

त्यानं होकाराची मान हलवली. "नर्सनं माझ्याकडं दिली होती. अप्पा पंचा आणायला गेले तेवढा वेळ माझ्याकडं होती."

"तुमच्याकडं होती," मी म्हटलं. नुसतंच म्हटलं.

"सगळे म्हणत होते ना, एवढीशीच होती, चिमणीएवढी. तुला पण तसंच सांगितलं." तो रडायला लागला होता, पण बोलायचं थांबला नाही. "नव्हती गं. जड होती. मला वाटलं नव्हतं एवढी जड असंल. हात भरून आले होते माझे."

मी कप बाजूला सरकवले आणि दोन्ही हात त्याच्यापुढे धरले. "कशी धरली होती ते दाखवा," मी म्हटलं. त्याला आधी समजलं नाही. मग तो पुढे सरकला. त्यानं माझा डावा हात कोपरात वाकवला, उजवा हात त्याच्याखाली आणला, थोडा वर उचलला, बोटं पसरली, आणि बघून परत जरासा खाली घेतला. मग माझ्या कोपराच्या आतल्या बाजूला त्यानं तळवा ठेवला.

"इथं डोकं होतं," तो म्हणाला.

मी हात तसेच धरून बसले.